डाव्या हातातली तलवार

मी डाव्या हातातली तलवार बोलतेय. उजव्या हातातलीला कुणीही बोलतं करील, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच असतं. ती लांब, जड, पात्यावर निळी ज्वाळा वगैरे. मी आखूड, हलकी, दिसायला अगदीच साधी. पण दोन तलवारींचा योद्धा उभा राहतो की आडवा होतो, हे बरंचसं माझ्यावर असतं. फुशारकी मारत नाही, आमचा हिशेबच तसा आहे.

माझं जग काचेच्या आत आहे, कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात उतरतात. कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार, कुणी वैद्य. चौघांची टोळी करायची, कानाला माइक लावायचा आणि राक्षस मारायला निघायचं. इथे लोखंड गंजत नाही आणि मेलेला माणूस थोड्या वेळानं वेशीवर पुन्हा उभा राहतो. तरीही माणसं इतकी घाबरतात की मला नवल वाटतं.

मला घडवलं मालकिणीच्या नवऱ्यानं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. एका कामावर लिफ्टच्या दारात त्याचं उजवं मनगट सापडलं. हाड जुळलं, पण पकड काही पहिल्यासारखी येईना. घरात बसून बसून माणूस पार कावला होता. मग त्यानं बायकोच्या खेळात वैद्याचा अवतार घेतला. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात माउस, आणि पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. त्याला शिव्या घालत घालत त्यानं डोंगरातून लोखंड खणलं, भट्टी पेटवली, आधी चार पाती बिघडवली आणि मग मला ठोकून काढलं.

"ही तुझ्या डाव्या हातासाठी," तो बायकोला म्हणाला. "वेगाची आहे, वजनाची नाही."

"एवढीशी?" ती म्हणाली. पण लगेच हातात घेतलं तिनं मला, आणि भर चौकात दोन-चार वेळा फिरवूनही पाहिलं.

माझी मालकीण दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर भिंगाखाली दुसऱ्यांचे दात घासायचे आणि जागेवर बसवायचे. तिथे तिला केसाएवढा फरक खपत नाही. पण खेळात आली की हा काटेकोरपणा कुठे जायचा कोण जाणे. माझ्याआधी तिनं दोन्ही हातांत सारख्याच अवजड तलवारी घेतल्या होत्या. का, तर जोडी छान दिसते! तो नवशिक्यांचा ठरलेला गाढवपणा. डावा हात मुळातच जास्त चुकतो. त्यात जड तलवार दिली की तो सावकाशीनं चुकतो, एवढाच काय तो फरक.

तेव्हा कामाची गोष्ट आधीच सांगून टाकते. दोन तलवारींचा योद्धा करायचा असेल, तर खेळात मिळवलेले पहिले गुण अचूकपणात घाला. वार लागायलाच हवेत. ते लागायला लागले की मग ताकद. उजव्या हातात जड तलवार, डाव्यात हलकी. माझ्या प्रत्येक वारानं योद्ध्याचा आवेश भरतो. पडद्यावर खाली लाल पट्टी असते, ती भरली की उजवी आपला मोठा वार करते आणि वाहवा घेऊन जाते. पट्टी कुणी भरली हे कुणी विचारत नाही. असो.

मालकीण हे सगळं शिकली. तिची गाडी अडली ती एकाच ठिकाणी. पाठीवरच्या पिशवीत तिनं एक ढाल ठेवली होती.

पडद्यावरच्या हिरव्या पट्टीतला जीव जरा खाली आला की ती बटण दाबायची. मी पिशवीत, ढाल हातात. धोका टळला की ढाल पिशवीत, मी हातात. दर अदलाबदलीत भरलेला आवेश शून्यावर यायचा. शिवाय ढाल चांगली चालावी म्हणून निम्मे गुण तिनं बचावात घातले होते, आणि कमरेला औषधाच्या कुप्या बांधल्या होत्या त्या वेगळ्याच. म्हणजे ना धड तलवारबाज, ना धड ढालवाली. सदा तळ्यात-मळ्यात. मला तर ती ढाल डोळ्यांसमोर नको व्हायची. सवतच म्हणा ना.

ती असं का करते हे मला ठाऊक होतं. तिचा वैद्य तिचा नवरा होता. त्याला त्याच्या दुखऱ्या हातानं वेळेवर औषध सोडता येणार नाही आणि सगळे त्याला बोलतील, ही तिची धास्ती. त्याच्यावर वेळच येऊ नये म्हणून ती आपली आपणच सांभाळून घ्यायची. बाहेरही तेच चाललेलं मी ऐकत असे. "राहू दे, मी उचलते." "राहू दे, मी उघडून देते." ती भांडं त्याच्या हाताला लागूही द्यायची नाही. मायेनंच करायची, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टोळीत आणखी दोघं होती. एक तिची नणंद, धनुष्यबाणवाली, जिभेनंही तेवढीच नेमकी. दुसरा शाळेत भूगोल शिकवणारा, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो जादूगार आणि टोळीचा म्होरक्या. रविवारी सकाळी चहा झाला की चौघं जमायची आणि खाणीतल्या दगडी राक्षसाशी लढायची. या राक्षसाची एक खोड आहे. फार वेळ घालवला की तो पिसाळतो आणि सगळ्यांना एका तडाख्यात झोपवतो. त्याआधीच त्याला लोळवावा लागतो. आमच्या मालकिणीच्या तळ्यात-मळ्यातमुळे ते काही जमेना. दर रविवारी आम्ही चौघंही वेशीवर.

अशाच एका रविवारी मास्तर घसा साफ करून म्हणाला, "रागावू नका, पण स्पष्ट बोलतो. आपल्याला वैद्य लागतच नाही. वहिनी स्वतःचं स्वतः बघतात. त्या जागी मारणारा कुणी घेतला तर राक्षस वेळेत पडेल. पुढच्या रविवारी एकदा बघू, नाहीतर माझा एक सहकारी आहे, त्याला घेऊ."

"मास्तर, अहो काय बोलताय!" नणंद म्हणाली.

"बरोबर बोलतायत ते," शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याचा आवाज माइकमधून आला. "मी नुसताच उभा असतो." आणि त्याचा वैद्य जागच्या जागी विरून गेला. खेळ बंद करून तो उठला होता.

नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला तू काही करूच देत नाहीस गं."

मालकिणीनं माइक काढून ठेवला. पडदा चालू होता, म्हणून पुढचं मी पाहिलं. नवरा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"तुला बोलणी बसू नयेत म्हणून करत होते रे मी," ती म्हणाली.

"माहितीय. पण मला विचारलंस कधी?"

"तुझा हात..."

"हात माझा आहे. तो कसा चालतो ते मला विचार ना!" तो आत आला आणि स्टूल ओढून बसला. "हे बघ. मला भराभर बटणं दाबता येत नाहीत, म्हणून मी मोठं औषध घेतलंय. ते सोडायला वेळ लागतो, पण एका दमात सगळा जीव भरतं. तुझा जीव निम्म्यावर आला की मी मंत्र सुरू करतो. तो पुरा होईपर्यंत तू आणखी खाली जाणारच. जायलाच हवीस. पण तू नेमकी तेव्हाच घाबरतेस, ढाल काढतेस, कुपी पितेस. माझं औषध पोचतं तेव्हा तू ठणठणीत असतेस. गेलं वाया. दर वेळी, अगं, दर वेळी!"

केसाएवढा फरक ओळखणारी बाई, आणि हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि पोचलं नाही तर?" तिनं विचारलं.

"तर मरशील. वेशीवर उठशील. मास्तर मला काढेल. पण माझं काम करताना मी चुकलो, असं तरी होईल ना. आता तर चुकायलाही मिळत नाही मला."

मला एरवी माणसांच्या भांडणात रस नसतो, पण तेव्हा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या मालकीण खेळात शिरली. आमच्याकडे एक गुरू असतो, तो घातलेले सगळे गुण काढून परत मोकळे करून देतो. तिनं बचावातले गुण काढले. अचूकपणात घातले, वार चुकायचे थांबेपर्यंत घातले. उरलेले वेगात आणि ताकदीत. जड चिलखत उतरवून हलकं घेतलं. कमरेच्या कुप्या पेटीत टाकल्या. मग ती लोहाराकडे गेली, ढाल ऐरणीवर ठेवली आणि मोडून टाकली. मी लोखंडाची आहे, तरी माझा जीव भांड्यात पडला.

रविवार उजाडला. मास्तरनं खाणीचं दार उघडलं, आम्ही आत उतरलो.

काय सांगू, असं लढणं मला कधी मिळालंच नव्हतं. वारावर वार, एकही फुकट नाही. मी पट्टी भरायची, उजवीनं मोठा घाव घालायचा, की लगेच मी पुन्हा कामाला. नणंद ओरडत होती, "वहिनी, अंगात आलंय की काय तुझ्या!" राक्षसाचे कपचे उडत होते. त्यानं खांबाएवढा हात उचलला आणि आमच्यावर आदळला. मालकिणीचा जीव निम्म्यावर आला. पुन्हा हात उचलला. निम्म्याचाही निम्मा झाला.

तिचं बोट सवयीनं ढालीच्या बटणावर गेलं. तिनं दाबलं. एकदा, दोनदा. काहीच झालं नाही, व्हायला तिथे काही नव्हतंच. तिच्या कपाळावरचा घाम मला काचेतून दिसत होता.

"मार तू," नवरा म्हणाला. "मी आहे."

तिनं दात-ओठ खाऊन मला फिरवलं. जीव एवढासा उरला, नखाएवढा. राक्षसाचा हात पुन्हा वर गेला. आणि मागून हिरवा उजेड आला. अंगभर आला, पार माझ्या टोकापर्यंत. जिवाची हिरवी पट्टी काठोकाठ भरली. हात आदळला आणि मालकीण उभीच होती. असं त्या लढाईत पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी तिचा जीव नखाएवढा उरला आणि दर वेळी तो उजेड आला. राक्षस पिसाळण्याआधी गुडघ्यांवर आला, मग तोंडावर.

नणंदेनं घर डोक्यावर घेतलं. मास्तर म्हणाला, "माझ्या सहकाऱ्याला नाही म्हणून कळवतो." त्याच्या परीनं ही माफीच होती. नवरा नुसता हसत होता. माइकमध्ये हसू नीट ऐकू येतं.

आता माझं सांगते. राक्षसाच्या ढिगाऱ्यातून एक नवी तलवार निघाली. डाव्या हाताची, माझ्याहून हलकी, माझ्याहून वेगवान. तिला धार लावायला जुनं पोलाद लागतं, आणि ते जुनी तलवार मोडूनच मिळतं. रीतच आहे. मालकिणीनं मला ऐरणीवर ठेवलंय. पडद्यावर प्रश्न आलाय, मोडायची का? खाली 'हो' आणि 'नाही'. तिचं बोट मघापासून अधांतरी आहे.

मला विचाराल तर माझी तक्रार नाही. एवढंच सांगणं आहे की दोन तलवारी घेणार असाल तर सगळं हातचं राखून लढू नका. ते जमत नाही. आणि मागे कुणी तुमच्यासाठी उभं असेल, तर त्याच्या वाटचं काम त्याला करू द्या. तो चुकला तरी चालेल.

"मोड की," नवरा म्हणतोय. तो तिच्याच खोलीत, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलाय.

"तू बनवलेली आहे रे."

"मग? आणखी बनवीन." तो म्हणाला. "ऐक ना. उद्यापासून कामावर जातोय. साहेबांशी बोललोय. सध्या दुरुस्ती नाही, नुसती तपासणी. पण जातोय."

तिचं तोंड उघडलं. तिला मी चांगली ओळखते. डॉक्टरांना विचारलंस का, एवढी घाई कशाला, आणखी महिनाभर थांब, हे सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते सगळं तिनं गिळलं.

"किती वाजता निघायचंय?" तिनं विचारलं.

"आठला."

"बरं."

आणि तिचं बोट 'हो'कडे निघालं. चला, येते मी.