कुंपणावरचं आमंत्रण

मित्रांनो, मला पाय नाहीत, पण एका जागी बसेन तर शपथ! मी अमेरिकेतल्या अलाबामातला एक जुना शब्द आहे. माझं नाव यॉल. 'यू' म्हणजे तुम्ही आणि 'ऑल' म्हणजे सगळे, हे दोन इंग्रजी शब्द बोलण्याच्या घाईत एकमेकांना चिकटले आणि माझा जन्म झाला. मला उच्चारलं की समोरच्या माणसाबरोबर त्याचं अख्खं घर आत येतं. शाळेतल्या बाई मला गावंढळ म्हणून लाल पेन्सिलीने खोडत, आणि सुटी झाली की मुलांना हाकारताना मलाच वापरत. मला भारी गंमत वाटे.

माझी आवडती जागा म्हणजे वीडाबाईंचं कुंपण. दर शनिवारी त्या पलीकडच्या वर्लीनला ओरडून सांगत, "यॉल उद्या जेवायला या गं! कोंबडी तळतेय."

वर्लीनच्या आधी तिचा नवरा कॉय ओरडे, "वीडा, तुझ्या हातची कोंबडी? जीव मुठीत धरून येतो!"

रविवारी चर्च सुटलं की दोघंही हजर.

मार्चमध्ये कॉय वारला. पुढच्या शनिवारी वीडाबाईंनी मला ओठांवर आणलं आणि गिळून टाकलं. वर्लीनच्या जिवाला लागेल, म्हणून. म्हणाल्या, "वर्लीन, तू ये हं उद्या."

तू! म्हणजे तिला एकटीलाच. वर्लीन म्हणाली, "उद्या नको गं."

असे अकरा शनिवार गेले. तिच्या खिडक्यांचे पडदे ओढलेलेच. पाठवलेलं ताट जसंच्या तसं परत येई. मी वीडाबाईंच्या घशात नुसता तळमळत होतो. अहो, मला सोडा ना!

बाराव्या शनिवारी त्या कपडे वाळत घालत होत्या. वर्लीन अंगणात दिसली मात्र, सवयीने मी निसटलोच. "यॉल उद्या जेवायला या गं!"

वीडाबाईंनी जीभ चावली. "अगं, चुकून गेलं तोंडातून..."

वर्लीन हातातली बादली खाली ठेवून कुंपणाशी आली.

"किती दिवसांनी दोघांना बोलावलंस," ती म्हणाली. "येतो आम्ही. पण कोंबडी करपवू नकोस. ह्यांची बोलणी मला खावी लागतात."

रविवारी ती केळ्याचं पुडिंग घेऊन आली. कॉयची खुर्ची वीडाबाईंनी जागची हलवली नव्हती. वर्लीन त्या खुर्चीच्या शेजारी बसली आणि पोटभर जेवली.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं म्हणून त्याला आमंत्रणातून वगळू नका. तेव्हाच तर मला मोठ्याने म्हणा. चला, निघतो. आज शनिवार आहे, आणि कुंपणाशी कुणीतरी घसा खाकरतंय.