साहेबांचा शब्द

माझा भाऊ कोर्रादो चित्रपट काढत होता एका सिनेटरवर, ज्याने तीस वर्षं दक्षिण इटलीतला आमचा सगळा कालाब्रिया प्रांत खिशात घातला होता आणि जो एकदाही तुरुंगात न जाता घरच्या अंथरुणात मेला. कथा अशी उलटसुलट काळात फिरणारी, इतकी गुंतागुंतीची, की ती कोर्रादोला तरी पुरती कळली होती की नाही कोण जाणे. सिनेटरची भूमिका करत होता माझा नवरा रुज्जेरो. सिनेटरच्याच गावात चित्रीकरण सुरू झालं, आणि रुज्जेरो भूमिकेतला, सिनेटरसारखा राखाडी कोट घालून कॉफी प्यायला गेला की म्हातारे खुर्चीवरून उठून उभे राहू लागले. आम्हाला गंमत वाटायची.

एकदा दोमेनिका नावाची विधवा त्याच्या टेबलापाशी आली.

"साहेब, नातवाला इस्पितळात चिकटवा की कुठंतरी. घरी बसून नुसतं माझं डोकं खातोय."

रुज्जेरोने थट्टेत, अगदी सिनेटरच्या ढबीत, तिचा गाल थोपटला. "होऊन जाईल."

पुढच्या रविवारी ती बदामाची मिठाई घेऊन आली. नातू कामावर रुजू झाला होता. कोणी लावलं, असं मी विचारलं, तर मीच चेष्टा करतेय असं समजून ती हसली.

मग कोर्रादोने रुज्जेरोचं मोठं भाषण कापायचं ठरवलं आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आम्ही मुक्कामाच्या घरी परतलो, तर जिन्यात नुन्झियो उभा. हा सिनेटरचा जुना ड्रायव्हर. चित्रपटातही गाडी तोच चालवायचा.

"साहेब, चेहरा उतरलाय. कोणी त्रास देतंय का?"

"आमचा मेहुणा, दुसरं कोण," रुज्जेरो वैतागून म्हणाला. "कोणीतरी त्याचं तोंड बंद करायला हवं."

नुन्झियोने टोपी काढली. "होऊन जाईल."

तो जिना उतरून गेला. मी लगेच कोर्रादोला फोन लावला, तो उचलेना. परत लावला. शेवटी मी रुज्जेरोला अक्षरशः ढकलत खाली आणलं. नुन्झियो गाडीत बसतच होता.

"अहो, मी आपलं रागात बोलून गेलो," रुज्जेरो म्हणाला. "कोर्रादोला कोणी हात लावायचा नाही."

नुन्झियोने त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"मागच्या वेळीही तुम्ही असंच सांगायला खाली आला होतात, साहेब. तेव्हाही बाईसाहेबांचा भाऊच होता, आणि तेव्हाही काम झालंच."

त्याने गाडी सुरू केली. मला एकच भाऊ आहे.