उरलेले तीन शब्द

युद्धकैद्यांच्या छावणीत काढलेल्या तीन वर्षांवर त्या विनोदी नटानं पुढची तीस वर्षं पोट भरलं. पहारेकऱ्याची चाल, सुपात बुडी मारूनही न सापडणारा बटाटा, सगळ्याचे त्यानं किस्से केले. एक गोष्ट तेवढी कोणाला सांगितली नव्हती, आणि नेमकी तीच एका दुपारी पर्स सांभाळत मेकअपच्या खोलीत येऊन बसली.

बाई तिशी ओलांडलेल्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. "पेपरातली तुमची मुलाखत वाचली," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारच्या फळीवर झोपणारा सुतार म्हणजे माझे बाबा."

सुताराला मुलगी होती हे नटाला चांगलं ठाऊक होतं. तो आरशाकडे बघत रंग लावत राहिला.

बाईंनी पर्समधून एक कार्ड काढलं. छावणीतून घरी वीस शब्द धाडता येत, तेही तपासनीसाला वाचता यावेत म्हणून सुट्या, ठळक अक्षरांत. सहीच्या जागी कैद्याचा नंबर. 'पत्र मिळालं. मुलगी झाली, फार आनंद झाला. मी बरा आहे. काळजी करू नकोस. स्वतःला जप. मुलीला जप. तिला व्हायोलिन शिकव.'

"आई गेल्या महिन्यात गेली. घरात चणचण होती, पण बाबांची इच्छा म्हणून तिनं मला व्हायोलिन घेऊन दिलं. मला एकच विचारायचंय. बाबांना संगीताची इतकी आवड होती?"

'हो' म्हटलं की काम भागत होतं. नटानं जन्मभर तिकीट लावून थापा मारल्या होत्या. ही तर फुकटात द्यायची होती. पण हाताळून मऊ पडलेलं ते कार्ड बघून त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला. "तो खिळासुद्धा बेसूर ठोकायचा."

मग त्यानं सांगून टाकलं. सुतार कार्डावरच्या तारखेच्या पाच दिवस आधीच तापानं गेला होता. कळवलं असतं तर त्याचा पाव बंद झाला असता, म्हणून नऊ दिवस कोणी कळवलं नाही. हजेरीला नट दोनदा उभा राहायचा. एकदा स्वतः म्हणून, एकदा सुताराची टोपी घालून. पाव सहा जणांत वाटून खायचे. त्यातच घरून पत्र आलं.

"म्हणजे मी झाले, हे त्यांना कळलंच नाही?"

"नाही."

"आणि हे?"

"मी लिहिलं."

पहिली घंटा झाली. दोघंही जागची हलली नाहीत.

"व्हायोलिनच का?"

"सतरा शब्दांत सगळं आटोपलं. तीन उरले. कैदेत कोणी काही वाया घालवत नाही."

बाईंनी मान कलती केली. जबड्याखाली व्हायोलिन टेकवून टेकवून पडलेला काळपट डाग होता. "रोज तीन तास. बारा वर्षं. माझ्या हातात ते मुळीच नव्हतं. शेजारी घर सोडून गेले."

नटानं हातातला रंग खाली ठेवला.

"ते पत्र वाचून आम्ही सहाही जण ढसाढसा रडलो," तो म्हणाला. "आपल्याच घरी मुलगी झाल्यासारखं वाटलं. बाप तर उरला नव्हता. तिच्यासाठी कोणीतरी काहीतरी चांगलं मागायला हवं होतं, आणि चांगलं काय असतं तेच मला आठवेना. लढाईआधी माझ्या खिडकीसमोर कोणीतरी व्हायोलिन वाजवायचं. तेवढंच आठवलं."

दुसरी घंटा झाली. बाईंनी कार्ड पुन्हा नीट पर्समध्ये ठेवलं.

"पियानो आठवला असता," त्या म्हणाल्या, "तर निदान बसून तरी वाजवला असता."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. नट हसत सुटला. हसता हसता कधी रडायला लागला ते त्यालाही कळलं नाही, आणि तिसरी घंटा झाली तेव्हा बाई आपल्या रुमालानं त्याच्या गालावर ओघळलेला रंग पुसत होत्या.