तोंड शिवलेली झोळी

मी झोळी बोलतेय. पाळणा नव्हे, पाळण्याला घर लागतं. मला दोन दोऱ्या बांधायला काही मिळालं की झालं. चिंचेची फांदी, देवळाचा खांब, नाही तर बैलांच्या रेंगीच्या छपराचा बांबू. म्हणून तर मी घरापेक्षा गावंच जास्त पाहिली.

माझा जन्म भांदकजवळच्या एका खेड्यातला. गुणाबाईंचं जुनं हिरवं लुगडं आणि आत गोधडीचा तुकडा, एवढंच माझं अंग. मला शिवलं त्यांच्या सुनेनं, कमळानं. शिवताना तिचा हात थांबत नव्हता आणि टाकाही सरळ पडत नव्हता. तिचं पहिलं लेकरू तापानं गेलं होतं. आता सुगंधा झाली होती. ही तरी हाती लागू दे, एवढंच तिच्या मनात.

सासऱ्यांना, बापूजींना, जुन्या जागांचं भारी वेड. पडका बुरूज दिसला की बैल थांबलेच समजा. नातीचं जावळ वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला शिवरात्रीच्या जत्रेत काढायचं, असं ते बोलले होते. वाटेत भांदकची लेणी, चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, परकोट, सगळं सुनेला दाखवायचं. कमळा सातवी शिकलेली. राजांची नावं पुस्तकात वाचलेली, त्यांचं गाव मात्र एकही पाहिलेलं नाही. तिला जायचंही होतं आणि जायची भीतीही वाटत होती.

निघताना गुणाबाईंनी बजावलं, "पडक्या जाग्याचं वारं वाईट रायते बाई. झोळीचं तोंड बांधूनच ठेवजो."

झालं! कमळानं माझ्या तोंडावर जाड धडपं टाकलं आणि कडेनं शिवूनच टाकलं. लेकरू काढण्यापुरती एका बाजूला गाठ.

भांदकला मला चिंचेला टांगलं. बापूजी लेण्यात शिरले आणि आतल्या अंधारातून ओरडले, "सूनबाई, ये न वं! बुद्ध केवढा बसला आहे, पाह्य!"

कमळा लेण्याच्या तोंडापर्यंत गेली, मागे वळली, धावत माझ्यापाशी आली. आत हात घातला. श्वास आहे. पुन्हा गेली, पुन्हा आली. लेणं तिनं पाहिलं की नाही, देव जाणे.

पुढे चांद्याच्या वाटेवर ऊन चढलं. शिवरात्रीचे दिवसच तसे. सकाळी काकडायला होतं आणि दुपारी माती भाजते. सुगंधा आधी खूप रडली. मग रडायचीही थांबली. चांद्याच्या जटपुरा वेशीपाशी बैल सोडले तेव्हा लेकराचं अंग तव्यासारखं तापलेलं.

"मामाजी, वापस चला," कमळा सासऱ्यांना म्हणाली. "मले नाई पाहाचा किल्ला. पहिल्याचंही असंच झालं होतं."

बापूजींचा चेहरा उतरला. ते पुन्हा बैल जुंपायला लागले.

वेशीच्या सावलीत सलीमा नावाची बाई बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. ती उठून आली, माझ्या पोटाला हात लावला आणि ओरडलीच, "अगे बाई! पोट्टी हाय का आंबे? अढी घालून राह्यली काय?"

"वारं लागते म्हनते सासू."

"अन् वारं न लागून हे असं झालं, ते?"

तिनं दातांनी माझे टाके तोडले. कुंची, अंगडं, दुपटं, एकेक उतरवलं. ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसलं. कमळा पदरानं वारा घालत होती, मध्येच छातीशी धरत होती, पुन्हा कपाळ चाचपत होती. बापूजी वेशीत येरझारा घालत होते. ज्या वेशीसाठी ते आले, तिच्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

सावल्या लांबल्या तेव्हा कुठे अंग निवलं. सुगंधानं डोळे उघडले. वेशीवर हत्तीला दाबून उभा असलेला दगडी सिंह, त्याच्याकडे ती टक लावून पाहत राहिली.

"पाहून राह्यली," बापूजी हळूच म्हणाले. "रेंगी घराकडे वळवू का?"

कमळानं पोरीचं कपाळ पुन्हा चाचपलं. एकदा आल्या वाटेकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"मार्कंड्याले चला," ती म्हणाली. "पन दुपारची गाडी हाकाची नाई. आन् मी घडीघडी थांबवीन, तवा बोलाचं नाई."

"हे माय त पोरीपेक्षा जास्त तरास देते, भाऊ!" सलीमा हसली. कमळाही हसली, पण हात पोरीच्या कपाळावरच.

वैनगंगेच्या काठी जावळ निघालं. गुळगुळीत डोक्याची सुगंधा माझ्यात राहीच ना. कमळानं तिला कडेवर घेऊन देवळाच्या भिंतीवरची एकेक मूर्ती पाहिली. मी रिकामीच बापूजींच्या खांद्यावर.

आता सुगंधा गावभर धावते. माझ्यात तिचा धाकटा भाऊ निजतो. माझी वीण विरली आहे, दोऱ्या बदलल्या आहेत. उद्या बल्लारपूरचा किल्ला पाहायला निघायचं आहे. बापूजी चाकांना वंगण देतायत आणि कमळा सुईदोरा घेऊन माझ्यापुढे बसली आहे. सुई माझ्या काठाशी आणते, थांबते, बाजूला ठेवते, पुन्हा उचलते.

कमळाबाई, भीती वाटली तर वाटेत शंभरदा आत हात घालून पाहा. मी कंटाळणार नाही. पण माझं तोंड शिवू नको. याच्या अंगालाही वारं लागू दे.