पुढचा दात

"हा खाणीतला हिरा आणि हा लॅबमधला." सोनाराने निळ्या मखमलीवर दोन अंगठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "आता सांगा बघू, कुठला कोणता?"

"अहो, आत्ताच तर सांगितलंत तुम्ही," काकू म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

काकू म्हणजे मुलीची आई. आज सकाळच्या बसने त्या आल्या होत्या आणि होणाऱ्या जावयाला पहिल्यांदाच बघत होत्या. त्या हसल्या मात्र, जावयाचं हिऱ्यांवरचं लक्षच उडालं. काकूंचा वरचा पुढचा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. तो दात त्याने बनवला होता. तोच कशाला, त्यांच्या तोंडातली वरची-खालची सगळी कवळी त्याच्या हातची होती.

त्याला सगळे बत्तीशी म्हणत. दातांच्या लॅबमध्ये कामाला लागला तेव्हा मित्रांनी हे नाव चिकटवलं आणि चाळिशी आली तरी ते सुटलं नव्हतं. डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे यायचे, हा मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी हिरडी चढवायची, घासायचं, चकाकी द्यायची, आणि कवळी डबीत बसून निघून जायची. पुढे ती कोणाच्या तोंडात हसते, काय चावते, कोणावर खेकसते, याचा त्याला पत्ता नसे. एखादी बिघडून परत आली तरच लॅबला कळायचं. चांगली झाली म्हणून कोणी कधी कळवलं नव्हतं.

आणि हा दात विसरणं तर शक्यच नव्हतं. सगळ्यांना कवळी सरळ आणि पांढरीशुभ्र हवी असते. तीनेक वर्षांपूर्वी डॉक्टरांचा फोन आला होता, "एक बाई हट्ट धरून बसल्यात. पुढचा दात वाकडाच हवा म्हणतात, पूर्वी होता तस्सा." त्याने तो दात मेणात बसवला, काढला, पुन्हा बसवला. जास्त चढला तर चेटकीण दिसणार, कमी चढला तर चूक वाटणार. एकदाचा जमला तेव्हा तो रिकाम्या लॅबमध्ये एकटाच "वा" म्हणाला होता. पुढे तो मोठ्या वयात पोहायला शिकायला गेला आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईने त्याला "पाय मारा हो, कोणी बुडत नाही" असं हसत हसत दटावलं. तिचाही पुढचा दात तसाच चढलेला बघून आपण हिला कुठेतरी पाहिलंय असं त्याला वाटत राहिलं होतं. आता तिच्याशीच लग्न ठरत होतं, आणि कुठे पाहिलं होतं याचा उलगडा आज होत होता.

त्याचा आनंद पोटात मावेना. काकू, कवळी कशी काय, त्रास नाही ना, असं अगदी तोंडावर आलं होतं. नशीब, तेवढ्यात शेजारी बसलेली ती बोलली.

"मला लॅबमधलाच हवा," तिने अंगठी बोटात सरकवली. "तलावात पडला तर रडत तरी बसणार नाही. आणि आई, याचंही सगळं लॅबमधलंच असतं. दात बनवतो हा."

"दात?" काकूंचा कॉफीचा कप मध्येच थांबला. "तू तर म्हणालीस लॅबमध्ये आहेत. मला वाटलं रक्त तपासतात."

"दातांची लॅब गं. कवळ्या बनवतो. तुला काय त्याचं, तुझे तर अजून सगळे शाबूत आहेत." मग ती त्याच्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "या वयात आईचा एक दात हललेला नाही. आणि हा पुढचा बघ, आम्हा दोघींचा अगदी सारखा."

काकूंनी ओठ मिटले. त्यांनी कप खाली ठेवला आणि पर्सचा बंद उगाच घट्ट करत बसल्या. लेकीला यातलं काहीच माहीत नाही, हे बत्तीशीच्या तेव्हा लक्षात आलं. लेक नोकरीच्या गावी, आई घरी एकटी. बाईंनी दात काढले, कवळी बसवली आणि कुणाला कळूच दिलं नाही.

"मला नाही पटत," काकू ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या.

"अंगठी?"

"अंगठीही, आणि बाकीचंही. जरा थांबूया आपण. घाई काय आहे?"

लेकीने बत्तीशीला आधीच बजावलं होतं, लहानपणापासून आम्ही दोघीच आहोत, आईला पटलं नाही तर मी पुढे जाणार नाही. उशिरा का होईना, आयुष्यात कोणीतरी आपलं माणूस आलं होतं, आणि ते आता या काउंटरवरून उठून जायच्या बेतात होतं. तेही त्याने केलेल्या सगळ्यात चांगल्या कामापायी.

"अगं, हा खोटा नाहीये, खराच हिरा आहे," ती समजावू लागली. तिला वाटलं, घोडं हिऱ्यापाशी अडलंय. सोनारालाही तेच वाटलं. "काकू, डोळ्यांना फरक कळतच नाही," तो म्हणाला. "मलाही नाही कळत. मशिनलाच कळतो."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बत्तीशीकडे बघत होत्या.

"आणि तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही बनवलेले दात तुम्हाला ओळखू येतात?"

"छे हो," तो म्हणाला. "आमच्याकडे नुसते साचे येतात, माणूस थोडाच येतो. डबी गेली की विषय संपला. उद्या माझ्याच हातचे दात कोणी माझ्यापुढे विचकले तरी मला कळायचं नाही."

"अरे, पण तूच म्हणाला होतास ना, माझ्या हातचा दात मी हजारांत ओळखेन म्हणून?"

म्हणाला होता. तलावाच्या काठावर बसून, छाती फुगवून म्हणाला होता. बढाई मारावी असं त्याच्यापाशी सबंध आयुष्यात तेवढं एकच होतं, आणि ते खरंही होतं.

"तुझ्यावर छाप पाडायची होती," तो म्हणाला. "थाप मारली."

"लबाड आहेस. आणखी काय काय थापा मारल्यास?"

"एवढीच."

सोनार गालात हसला. बत्तीशीला वाईट वाटलं, नाही असं नाही. आपल्या हातांनी आपल्याच कामाचा कचरा केला, असं त्याला झालं. पण काकूंच्या हातातला पर्सचा बंद सुटला होता. त्यांनी कप उचलून गार झालेली कॉफी संपवली.

"दाखव बघू हात," त्या लेकीला म्हणाल्या. अंगठी त्यांनी इकडून तिकडून पाहिली. "छान दिसते. हीच घ्या."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? अंगठी घेतली म्हणजे झालंच की."

बत्तीशीचा जीव भांड्यात पडला.

ती बोटाचं माप द्यायला सोनाराबरोबर आत गेली आणि हे दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"तुम्हाला थापा मारता येत नाहीत हो," काकू रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "कान लाल होतात तुमचे."

"मी कोणालाही..."

"कळलं ते मला. म्हणून तर हो म्हटलं." त्यांनी पुढच्या दाताकडे बोट दाखवलं. "लहान असताना ती माझ्या मांडीवर बसून या दातावर बोट ठेवायची, मग स्वतःच्या. दात काढायची वेळ आली तेव्हा मला आधी तेच आठवलं. कवळी बसवून आरशात पाहिलं आणि रडू आलं बघा. इतका हुबेहूब झालाय."

बत्तीशीने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसत राहिला.

"खाली डावीकडे मात्र टोचतंय," काकू आवाज उतरवून म्हणाल्या. "खाताना."

"कधीपासून?"

"झालं की बरेच दिवस. सांगणार कोणाला?"

"हिरडी आक्रसली असेल. डॉक्टरांना दाखवू, मग मी घासून देतो. तिचा सकाळचा वर्ग असतो तेव्हा या. ती पाण्यातून बाहेर यायच्या आत परत बसवून देईन."

"पण पुढच्याला हात लावायचा नाही हं."

"काय बिशाद माझी."

ती बाहेर आली. "कसली कुजबुज चाललीये?"

"काही नाही. पोहायला आलं का विचारत होते."

"याला? अजून काठ सोडत नाही हा," ती म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. बत्तीशीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघींकडे नीट बघून घेतलं.