राणीचं डूल

भिंगकाकांना नाणं दाखवायचं म्हणजे पुन्हा दहावीला बसायचं! नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात कुठलं नाणं काचेखाली मांडायचं आणि कुठलं घरी पाठवायचं, हे गेली बावीस वर्षं तेच ठरवत होते. नाणं कडेने धरायचं, दिव्याखाली फिरवायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिठ्ठीवर प्रत लिहायची, पहिली ते चौथी. चौथी म्हणजे या आता.

काकूंच्या धाकट्या भावाला सहा वर्षं न चुकता चौथीच मिळत होती. त्याने एकदा चारचौघांत सांगितलं होतं की दाजींनी पास केलेलं नाणं खोटं आहे. ते खोटं निघालं, हाच त्याचा खरा गुन्हा.

या खेपेला त्याने वडिलांच्या पेटीत सापडलेलं, राणीच्या छापाचं चांदीचं नाणं दिलं. पाकिटावर त्याचं नाव होतं. काकांनी भिंग जेमतेम टेकवलं आणि चिठ्ठी खरडली: ‘कानाखाली ओरखडा. घासलेलं. चौथी.’

काकू हे स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. बाबांनी ते नाणं जन्मात कधी घासलं नव्हतं, नुसतं रुमालात जपलं होतं. त्यांचा जीव तीळतीळ तुटला. मग रागही आला, आणि रागापाठोपाठ एक झकास खोडी सुचली. त्यांनी ती चिठ्ठी पदरात लपवली, नाणं नव्या पाकिटात घातलं आणि वर मंडळाच्या अध्यक्षांचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाकीट उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“वा! अगं, बघ तरी! काय झळाळी आहे! आणि कानाखालची ही रेघ पाहिलीस? टाकसाळीतलीच खूण. फार दुर्मीळ. पहिली प्रत!”

“टाकसाळीतली?” काकूंनी पदर तोंडाला लावला. “अहो, ती रेघ माझी आहे! पाच वर्षांची होते. राणीच्या कानात काही नाही म्हणून केसातल्या पिनेने डूल काढायला गेले. बाबांनी पाठीत धपाटा घातला होता.”

त्यांनी कालची चिठ्ठी आजच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. काकांनी दोन्ही वाचल्या. कान लालबुंद झाले.

“म्हणजे हे त्याचं...”

“बाबांचं,” काकू म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “तुम्ही काल नाणं बघितलंच नाहीत. आजही नाही.”

काकांनी भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला आणि नाणं तिसऱ्यांदा हातात घेतलं. चांगली दहा मिनिटं गेली.

“दुसरी,” ते म्हणाले. “ओरखडा तो ओरखडाच, तुझा असला तरी. बाकी नाणं सुरेख आहे. काचेखाली जाईल.” त्यांनी उरलेल्या पाकिटांचा गठ्ठा काकूंकडे सरकवला. “यांवरची नावं काढ. नुसते आकडे घाल.”

“अध्यक्षांचंही?”

“त्यांचं आधी!”

त्या वर्षी अध्यक्ष आपलं नाणं खिशात घालून, फुगलेल्या तोंडाने घरी गेले. भावाने मात्र काचेपुढून हलायचं नाव घेतलं नाही. काकूंनी वाकून चिठ्ठी वाचली. काकांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: ‘दुसरी प्रत. राणीच्या कानात डूल. कारागीर, वय वर्षे पाच.’