चित्रातली लेपा आणि मी

पहाटे भरती चढू लागली की जालमायदा आजी घराच्या शिडीवरून खाली उतरते. डाव्या हातात अर्धी करवंटी असते. उजव्या हाताने माझा दोर ओढून ती मला खांबाशी घेते, माझ्यात उतरते आणि रात्रभर झिरपलेले पाणी उपसू लागते. चाळीसेक करवंट्या झाल्या की कंबर धरून बसते. वर चुलीवर ठेवलेल्या कसाव्याच्या कंदांना वाफ आल्याचा वास आला की ती पुन्हा शिडी चढते.

मित्रांनो, मी एक जुनी लेपा आहे, छपराची लाकडी नाव. सितांगकाईच्या उथळ समुद्रावर माझ्यासारख्या नावांतच माणसांचे संसार होत असत. आजीच्या नवऱ्याने, बुंगसालीने, मला घडवले. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती. प्रत्येक फळी त्याने वितीने मोजली. माझ्या छपराखाली आजीची तीन मुले जन्मली. एका वर्षी होड्यांच्या उत्सवात मला रंगीत शिडे बांधली होती आणि लोकांनी माझे फोटो काढले. पुढे यंत्राच्या होड्या आल्या, बुंगसाली गेला, कुटुंब खांबांवरच्या घरात राहू लागले. मी खांबाला बांधलेलीच राहिले. मुलांनी माझ्यावर ओली जाळी टाकली, कोंबड्या बसवल्या. आजी तेवढी पाणी उपसत राहिली.

आजीची नात नूर्जानी शाळेत जाते. त्या शाळेत आमच्या बोलीतले एकही पुस्तक नव्हते. होती ती जमिनीवरच्या मुलांची. त्यांत डोंगर, आंब्याचे झाड आणि रेडा असे. ‘माझे घर’ काढायला सांगितले तेव्हा पाण्यावर जन्मलेल्या या पोरीने दारात रेडा बांधला होता.

म्हणून मुक्सिन मास्तरांनी आजीने सांगितलेली एक गोष्ट आमच्या बोलीत लिहून मनिलाला एका प्रकाशकाकडे पाठवली. चित्रे काढून तेरेसिता नावाची चित्रकार स्वतः आली. पुस्तक गावाला मान्य आहे, असा आजीचा अंगठा कागदावर हवा होता. दुपारच्या लाँचने तिला परतायचे होते. छापखान्याची पाळी चार दिवसांवर आली होती.

सगळे शिडीपाशी बसले. चित्रांतली लेपा देखणी होती. मात्र तिच्या दोन्ही अंगांना बांबूचे लांब हात होते, शेजारच्या बेटांवरच्या नावांना तोल सांभाळायला असतात तसे.

आजी हसली. “हिला हात कुणी लावले गं? बुडायची भीती वाटते का?”

तेरेसिता ओशाळली. “शहरात भिंतीवर रंगवलेल्या नावा बघून काढलं, आजी. इकडे यायच्या आधी.”

“एवढ्या दोन बांबूंसाठी अडून बसू नका,” मास्तर म्हणाले. “पाळी गेली तर वर्षभर पुस्तक नाही. पोरांनी मग रेडेच वाचायचे का?”

“तुझ्या चित्राला कुणी दाढी लावली तर चालेल तुला?” आजीने मास्तरांना विचारले.

“माझी बायको खूश होईल!”

आजी पुन्हा हसली आणि तिने अंगठा शाईत बुडवला. नातीला आपल्या बोलीत वाचता यावे, हे तिलाही हवेच होते.

नूर्जानी इतका वेळ चित्र पाहत होती. तिने वाकून मला पाहिले, पुन्हा चित्र पाहिले, आणि हळूच विचारले, “आजी, आपल्या नावेचे हात कधी मोडले?”

माझ्या फळ्यांना कोंबड्यांची घाण लागली, ते मी सोसले होते. पण ज्या पोरीची आई माझ्यात जन्मली, तिला मी मोडकी वाटले.

आजीने अंगठा लुंगीला पुसला. “नाही लावत मी.”

“मी आत्ता खोडते हात,” तेरेसिता म्हणाली. “चौदाही पानांवरचे.”

“नुसतं खोडून काय होणार, पोरी? हात असलेली नाव पाण्यावर बसते वेगळी, कलते वेगळी. माणूससुद्धा तिच्यात वेगळा बसतो.”

“मग सगळंच नव्यानं काढावं लागेल.”

“ते तू बघ.”

मित्रांनो, आमची चित्रे जरूर काढा. पण आधी आमच्यात बसा, आमच्याबरोबर एक भरती-ओहोटी पाहा. जे मूल स्वतःला पुस्तकात पाहत नाही, ते एक दिवस पुस्तकावर विश्वास ठेवते आणि स्वतःच्या घरावर ठेवत नाही.

तेरेसिताने चौदा कागद पिशवीत भरले. छापखान्याच्या नावाने एक चिठ्ठी लिहून तिने मास्तरांच्या हाती दिली: आमची पाळी दुसऱ्या कुणाला द्यावी, पुस्तकाला उशीर होईल. मास्तरांनी ती दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि लाँचबरोबर पाठवायला ते धक्क्याकडे निघाले.

तेरेसिता चपला काढून माझ्यात उतरली. लाँचचा भोंगा वाजला तेव्हा तिने मान वर केली नाही. आजी सांगत होती, आणि ती माझी कडेची फळी वितीने मोजत होती.